एकच स्पेक्ट्रम, दोन गरजा : वेगवाल्यांनी तातडीवाल्यांना जागा कशी द्यायची?

तरंगवेडी

मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की ५जीमध्ये तातडीच्या सेवांसाठी स्पेक्ट्रमचा एक तुकडा कायमचा बाजूला काढलेला असतो आणि म्हणून आपल्याला पुरता वेग मिळत नाही. तिथे उत्तर द्यायला बसले आणि प्रतिसाद इतका लांबला की वेगळा धागाच काढते आहे. बेस स्टेशनच्या, म्हणजे टॉवरच्या, शेड्युलरवर (कुणाला केव्हा जागा द्यायची ते ठरवणारा भाग) काम करणं हा माझा रोजचा उद्योग, त्यामुळे विषय अगदी जवळचा आहे.

आधी दोन्ही पक्ष बघू. व्हिडिओ, डाउनलोड, बॅकअप यांना माल भरपूर लागतो, पण दहा-वीस मिलिसेकंद इकडचे तिकडे झाले तर कुणाचं काही अडत नाही. यंत्रांचं नियंत्रण, वीजवाहिन्यांचं संरक्षण, दूरवरून चालवलेलं वाहन यांचा माल चिमूटभर असतो, पण तो वेळेतच पोचावा लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१७ साली ५जीसाठी किमान अपेक्षा ठरवल्या, त्यात रेडिओच्या टप्प्यासाठी वेगवान सेवेला ४ मिलिसेकंद दिले आहेत आणि तातडीच्या सेवेला १. शिवाय ३२ बाइटचं पॅकेट त्या १ मिलिसेकंदात १,००,००० पैकी ९९,९९९ वेळा पोचलंच पाहिजे.

आता घोडं कुठे अडतं ते पाहा. शेड्युलर वेळेचे तुकडे पाडून वाटप करतो. ३० किलोहर्ट्झच्या मांडणीत (वाहिनीतल्या शेजारशेजारच्या अरुंद पट्ट्यांमध्ये, म्हणजे उपवाहकांमध्ये, ३० किलोहर्ट्झचं अंतर) एक स्लॉट अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो आणि त्यात १४ सिम्बॉल (वेळेचे सर्वांत छोटे तुकडे), म्हणजे एक सिम्बॉल साधारण ३६ मायक्रोसेकंदांचा. स्लॉट सुरू होताना शेड्युलरने तो अख्खा कुणाच्या तरी डाउनलोडला देऊन टाकलेला असतो. चौथा सिम्बॉल हवेत जात असताना तातडीचं पॅकेट दारात येऊन उभं राहिलं, तर त्याचं करायचं काय?

थांबवायचं म्हटलं तर उरलेला स्लॉट गेला, वर डीकोड करायचा वेळ, आणि पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्याला वेळच उरत नाही. म्हणून एक मार्ग असा की त्याच्यासाठी आधीच रुमाल टाकून जागा अडवून ठेवायची. दुसरा मार्ग असा की चालू असलेल्या प्रसारणातले दोन सिम्बॉल तिथल्या तिथे कापायचे आणि त्या जागी तातडीचं पॅकेट पाठवायचं. याला पंक्चरिंग म्हणतात, कारण आधीच्या मालाला शब्दशः भोक पडतं. दोन, चार किंवा सात सिम्बॉलचे हे छोटे तुकडे, म्हणजे मिनी-स्लॉट, ५जी मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीपासून, म्हणजे रिलीज १५ पासून, मानकात आहेत.

माझं म्हणणं असं की कापणं हाच बरोबर मार्ग आहे, पण ज्याचं कापलं त्याला लगेच सांगितलं तरच. न सांगता कापलं की सगळा हिशोब फिसकटतो. हे मी प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याबद्दल आणि आकड्यांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते.

रांगेतला

वाचतोय. आकडे नक्की द्या, या विषयावर नुसती विशेषणंच फार वाचायला मिळतात.

शंकासूर

थांबा. म्हणजे मी डाउनलोड करत असताना माझ्या मालातला तुकडा काढून दुसऱ्याला देतात, आणि हे मला कुणी विचारतसुद्धा नाही? माझ्या दृष्टीने हा सरळ अन्याय आहे. जागा राखून ठेवली तर निदान आपल्या वाट्याला किती येणार हे आधी कळतं तरी.

तरंगवेडी

शंकासूर, तुमचा आक्षेप गंभीर आहे, म्हणून पूर्ण हिशोबच मांडते. मोठी आकडेमोड आहे, पण सगळी हाताने करता येते.

१०० मेगाहर्ट्झची वाहिनी, ३० किलोहर्ट्झची मांडणी. तिच्यात २७३ रिसोर्स ब्लॉक असतात आणि प्रत्येकात १२ उपवाहक. तातडीचं पॅकेट ३२ बाइटचं, म्हणजे २५६ बिट, त्यावर १६ बिटांची तपासणी, एकूण २७२. ते पहिल्याच फटक्यात पोचावं म्हणून भरपूर संरक्षण घालून पाठवतात. एका सिम्बॉलमधला एक उपवाहक म्हणजे एक जागा, अशा एका जागेत ०.२ बिट धरू. म्हणजे १,३६० जागा लागल्या. दोन सिम्बॉलांत एका ब्लॉकच्या २४ जागा, त्यातल्या काही संदर्भ-संकेतांना (सिग्नल नीट वाचता यावा म्हणून पाठवलेल्या ठरावीक खुणांना) जातात, तेव्हा हाताशी राहतात सुमारे १८. एकूण ७६ ब्लॉक झाले. लक्षात घ्या, एवढ्याशा २५६ बिटांनी दोन सिम्बॉलांपुरती चतुर्थांशाहून जास्त रुंदी व्यापली.

राखीव ठेवायचं तर हे ७६ ब्लॉक कायम मोकळे हवेत, कारण पॅकेट कधी येईल ते माहीत नाही. २७३ पैकी ७६ म्हणजे २८ टक्के. समजा दर १० मिलिसेकंदांनी असं एक पॅकेट येतं. १० मिलिसेकंदांत २८० सिम्बॉल होतात, त्यातले वापरले दोन. राखीव पट्टा ९९ टक्क्यांहून जास्त वेळ रिकामा पडून राहिला, आणि तो तुमच्याच डाउनलोडच्या वाट्यातून गेला.

आता कापण्याचा हिशोब. तुमचा फोन टॉवरच्या अगदी जवळ आहे, २५६ क्वॅम (एका जागेत ८ बिट बसवणारी पद्धत), चार थर (एकाच वेळी चार समांतर प्रवाह), अख्खा स्लॉट तुमचा. अशा स्लॉटमध्ये साधारण साडेअकरा लाख बिट बसतात. ते एकत्र एन्कोड होत नाहीत, त्यांचे ८,४४८ बिटांपर्यंतचे कोडब्लॉक पाडतात. आपल्या उदाहरणात सुमारे १३८. हे कोडब्लॉक आधी वारंवारतेच्या दिशेने भरत जातात, मग वेळेच्या. त्यामुळे एका सिम्बॉलमध्ये अकरा-बारा ब्लॉक बसतात आणि एक ब्लॉक पूर्ण स्लॉटभर पसरत नाही. ७६ रिसोर्स ब्लॉक रुंदीचं भोक एका सिम्बॉलमधल्या चार-पाच कोडब्लॉकना लागतं, दोन सिम्बॉलांत आठ ते दहांना. बाकीचे १२८ जसेच्या तसे उतरतात.

पण फोनने "मिळालं नाही" एवढंच कळवलं तर टॉवर सगळे १३८ पुन्हा पाठवणार. १० मिलिसेकंदांतल्या वीस स्लॉटपैकी एक वाया, म्हणजे ५ टक्के. म्हणून ब्लॉकांचे जास्तीत जास्त आठ गट करून गटवार पोचपावती द्यायची सोय मानकात आहे. आपलं भोक एका किंवा फार तर दोन गटांत पडतं. तेवढेच पुन्हा पाठवले तर नुकसान अर्धा ते सव्वा टक्का.

राखीव २८, सरसकट पुनर्प्रसारण ५, गटवार १ च्या आसपास. आता कुठला अन्याय तुम्हाला कमी वाटतो ते सांगा.

शंकासूर

हिशोब दोनदा तपासला, बरोबर आहे. २८ टक्के रिकामे ठेवण्यापेक्षा माझा एक टक्का गेलेला मला चालेल. पण तुम्ही टॉवरजवळचा, चार थरांचा फोन घेतलात. सगळ्यांचं नशीब असं नसतं.

काठावर

अगदी हेच लिहायला आलो होतो. माझ्याकडे जेमतेम एक-दोन दांड्या रेंज असते. माझ्या स्लॉटमध्ये १३८ ब्लॉक कुठून येणार? मुळात दोन-चार असतील. त्यातला एक फोडला तर माझं काय उरलं?

तरंगवेडी

काठावर, तुम्ही नेमकी दुखरी जागा दाखवलीत. क्षीण सिग्नलवर एकच कोडब्लॉक सात-आठ सिम्बॉलांवर पसरलेला असू शकतो. अशा वेळी दोन गोष्टी होतात. त्याच्यात संरक्षणाचे बिट खूप असल्यामुळे लहानसं भोक तो पचवूनही नेतो, कारण पुनरुक्ती पुरेशी असते. पण भोक एका मर्यादेपलीकडे गेलं की तो ब्लॉक पूर्ण पडतो, अर्धामुर्धा हाती लागत नाही.

म्हणून कुणाचं कापायचं हा निर्णय शेड्युलरने डोळे मिटून घेता कामा नये. यावर संशोधक अर्जुन आनंद, गुस्तावो डी वेसियाना आणि संजय शक्कोट्टई यांचं २०१८ चं काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी दाखवलं की नुकसान जर भोकाच्या प्रमाणात सरळ वाढत असेल, तर तातडीचा माल यादृच्छिकपणे सगळ्यांवर सारखा विखुरला तरी चालतं, वेगवान सेवेचं नियोजन त्याच्यापासून वेगळं करता येतं. पण नुकसान मर्यादेपाशी एकदम उडी मारत असेल, तर दोन्ही वाटपं एकत्र विचारात घ्यावी लागतात. मग शेड्युलर ज्याच्याकडे पचवायची ताकद शिल्लक आहे त्याच्यात भोक पाडतो आणि काठावरच्याला वगळतो.

प्रत्यक्षात सगळेच शेड्युलर एवढी काळजी घेतात असं मी म्हणणार नाही. मानक फक्त संकेत कसे पाठवायचे ते सांगतं, कुणाचं कापायचं ते प्रत्येक उत्पादकाचं स्वतःचं गणित. तुमच्यासारख्यांचं नुकसान होतं ते तिथे.

नवशिकी

ताई, वाचनखूण साठवली. मी शेवटच्या वर्षाला आहे. एक शंका : फोनने तपासणी केली की ब्लॉक चुकला हे त्याला कळतंच ना? मग "तुझं कापलं" असं वेगळं सांगायची गरज काय? आणि मला प्लीज तू म्हणा.

तरंगवेडी

अगं, फार चांगला प्रश्न. धाग्याची सगळी गोम यातच आहे, म्हणून जरा सविस्तर.

फोन प्रत्येक बिटासाठी नुसतं शून्य की एक एवढंच ठरवत नाही, त्यासोबत खात्रीचा आकडा ठेवतो. "हा एक असावा, बरीच खात्री आहे", "हा शून्य असावा, पण धड सांगता येत नाही" असं. ब्लॉक चुकला तर ते आकडे फेकून देत नाहीत, बफरमध्ये राहतात. पुनर्प्रसारण आलं की नवे आकडे त्यात मिळवले जातात आणि दोन अर्धवट प्रयत्नांतून एक पूर्ण ब्लॉक हाती येतो. हार्क म्हणतात ती हीच यंत्रणा. नेटवर्क तिच्यावर इतकं विसंबून असतं की वेगवान सेवेत पहिल्या प्रयत्नात दहातला एक ब्लॉक चुकेल असंच गृहीत धरून वेग निवडतात. तातडीच्या सेवेत तो आकडा लाखात एक ठेवायचा असतो.

आता भोक पडलं तेव्हा काय होतं? त्या जागी शांतता नसते. तिथे दुसऱ्याचं पॅकेट असतं, आणि तेही स्वच्छ, दणदणीत सिग्नलवर. फोन ते आपलंच समजून वाचतो आणि प्रत्येक बिटापुढे "पूर्ण खात्री" लिहितो. सगळी चुकीची. मग खरा माल पुन्हा आला की तो या चुकीच्या खात्रीत मिसळतो आणि ब्लॉक दुसऱ्यांदाही पडतो.

आमच्या चाचणीत मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत मला काही कळेना. पडद्यावर प्रत्येक स्लॉटसाठी एक पट्टी येते, उतरलेला ब्लॉक हिरवा, पडलेला लाल. तातडीचा प्रवाह सुरू केला आणि अपेक्षेप्रमाणे पट्टीच्या मधोमध आठ-दहा लाल चौकोन दिसले. पुनर्प्रसारणानंतर ते हिरवे व्हायला हवे होते, ते लालच राहिले. तिसऱ्या प्रयत्नात काही हिरवे झाले, काही नाहीच. डाउनलोडचा वेग माझ्या कागदावरच्या हिशोबापेक्षा कितीतरी जास्त पडला होता. मी शेड्युलरमध्ये चूक शोधत बसले होते, आणि चूक तिथे नव्हतीच. चाचणीच्या फोनवर कापल्याची सूचना देणारा संदेश ऐकण्याची सोय बंद होती. ती चालू केली आणि पुढच्याच फेरीत दुसऱ्या प्रयत्नाला सगळे चौकोन हिरवे.

तो संदेश म्हणजे १४ बिटांचा एक छोटा नकाशा. एकतर वेळेचे १४ भाग, किंवा वेळेचे ७ आणि रुंदीचे २. ज्या भागात कापलं त्याचा बिट १. एकच संदेश परिसरातल्या सगळ्या फोनना मिळून जातो. फोन तो वाचतो आणि त्या जागेवरच्या खात्र्या पुसून "माहीत नाही" करतो. संदेश कापल्यानंतर येतो, आधी नाही. तोवर फोनने कदाचित "चुकलं" असं कळवलेलंही असतं. त्याने बिघडत नाही, बफर साफ झाला की पुरे.

नवशिकी

आत्ता कळलं! "माहीत नाही" असलेला बिट डीकोडर भरून काढू शकतो, पण खात्रीने चुकीचा असलेला त्याला फसवतो. प्रयोगवहीत हा मुद्दा लिहून ठेवते. हा संदेश सगळ्या फोनना ऐकता येतो का?

तरंगवेडी

नाही, मानकात ती ऐच्छिक क्षमता आहे. नेटवर्कशी जोडणी होताना फोन आपल्याला काय काय येतं ते कळवतो, त्यात ती असेलच असं नाही. गटवार पोचपावतीचंही तसंच. म्हणून शेड्युलरने कापताना आधी ज्याला ऐकू येतं त्याचं कापावं. मला हे इतकं महत्त्वाचं वाटतं की फोनची परीक्षणं लिहिणाऱ्यांनी कमाल वेगाच्या शेजारी ही एक ओळ छापायला हवी.

यंत्रसखा

मी दुसऱ्या टोकाचा माणूस, तातडीवाला. यंत्रांच्या स्वयंचलनात काम करतो. माझी हकीकत ५जीची नाही, वायफायची आहे, पण दुखणं तेच.

एका ठिकाणी माल वाहणाऱ्या छोट्या चालकविरहित गाड्या बसवल्या. प्रत्येक गाडीला नियंत्रकाकडून ठरावीक काळाने "चालू राहा" असा संदेश मिळतो. लागोपाठ काही संदेश आले नाहीत तर गाडी सुरक्षिततेसाठी जागच्या जागी थांबते. ते बरोबरच आहे, थांबलीच पाहिजे. पण आमच्या गाड्या पाळीत दोन-तीनदा विनाकारण थांबायच्या. सिग्नल उत्तम, रेंज उत्तम. शेवटी वेळा जुळवून पाहिल्या तर कळलं की त्याच नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण सर्व्हरकडे चढायला लागलं की गाड्या थांबतात. एरवी तीन-चार मिलिसेकंदांत जाणारा संदेश त्या वेळी ऐंशी-नव्वद घ्यायचा. यंत्रणा बसवणाऱ्यांनी उत्तर दिलं की "बँडविड्थ पुरेशी आहे, तुमच्या गाड्यांतच दोष असणार." महिना गेला त्यात. बँडविड्थ पुरेशी होतीच हो, पण माझा संदेश चित्रणाच्या ढिगाऱ्यामागे उभा होता.

आणि एक. आम्हाला १ मिलिसेकंद नकोच असतो. बऱ्याच यंत्रांना १० चालतात. पण १० म्हणजे प्रत्येक वेळी १०.

रांगेतला

यंत्रसखा, तुमच्या हकिकतीत हवेतल्या वाटपाचा दोष कमी आणि रांगेचा जास्त दिसतो. उपकरणं माल फेकायच्या ऐवजी साठवत जातात, बफर तुडुंब भरतो आणि मागून आलेला प्रत्येक जण त्याच्या शेपटाला लागतो. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली यावर कोडेल नावाचा उपाय मांडला. रांग किती लांब आहे ते तो बघतच नाही, प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं ते मोजतो. ५ मिलिसेकंदांहून जास्त थांबणं १०० मिलिसेकंदभर टिकलं, की तो पॅकेट टाकायला सुरुवात करतो आणि पाठवणारा हात आखडता घेतो. त्यालाच प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग जोडून जे रूप झालं ते २०१८ पासून इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालिकेत आरएफसी ८२९० म्हणून प्रसिद्ध आहे. तुमच्या राउटरवर ती सोय असण्याची बरीच शक्यता आहे, फक्त चालू करायची.

वायफायमध्ये कापाकापी होत नाही हेही लक्षात घ्या. एकदा फ्रेम सुटली की संपेपर्यंत वाट पाहायची, आणि एक फ्रेम साडेपाच मिलिसेकंदांच्या जवळपास चालू शकते. चार प्राधान्यवर्ग आहेत, पण ते फक्त पुढची संधी कुणाला लवकर मिळेल ते ठरवतात.

आणि तरंगवेडी, तुमच्याशी थोडा मतभेद. तुम्ही एकाला तातडीचा आणि दुसऱ्याला वेगवान ठरवून मग कुणी कुणाचं कापायचं ते बोलता. जानेवारी २०२३ मध्ये आरएफसी ९३३० आला, एलफोरएस नावाच्या पद्धतीचा. त्याची भूमिका अशी की रांगच तयार होऊ देऊ नका. नेटवर्कने पॅकेट टाकण्याऐवजी त्याच्यावर लवकर खूण करावी, पाठवणाऱ्याने लगेच वेग थोडा उतरवावा. मग व्हिडिओलाही कमी विलंब मिळतो आणि डाउनलोडलाही. कुणाला मानकरी ठरवायची गरज राहत नाही.

तरंगवेडी

रांगेतला, अर्धं मान्य. घरात, कार्यालयात, व्हिडिओ कॉल अडखळतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा दोष रांगेचाच असतो, आणि तिथे तुमचा उपाय माझ्या उपायापेक्षा कितीतरी स्वस्त आणि चांगला. यंत्रसखा, तुम्ही आधी तेच करून बघा.

पण खुणेचा उपाय पाठवणाऱ्याच्या प्रतिसादावर चालतो. खूण तिथवर जायची, त्याने वेग उतरवायचा, त्याचा परिणाम परत यायचा, यात जाण्यायेण्याची एक पूर्ण फेरी लागते. वीजवाहिनीवर बिघाड झाला आणि संरक्षणाचा संदेश निघाला तर त्याच्याजवळ फेरीचा वेळ नसतो. अशा कामासाठी ५जीत जो सेवावर्ग आहे त्याला एकूण ५ मिलिसेकंदांची मर्यादा आहे. चालू स्लॉटमधली जागा आधीच वाटली गेली आहे, रांग शून्य आहे, तरी जागा नाही. तिथे कापल्याशिवाय गत्यंतर नाही.

शंकासूर

डाउनलोडचं समजलं, टॉवर स्वतःच पाठवतो म्हणून मधेच थांबून दुसरं पाठवू शकतो. पण अपलोडचं काय? मी व्हिडिओ चढवतो आहे, माझा फोन बोलतो आहे. टॉवर माझ्या फोनला मधेच गप्प कसं करणार?

तरंगवेडी

तिथे खरी कसोटी लागते. डाउनलिंकमध्ये कापणारा आणि पाठवणारा एकच. अपलिंकमध्ये फोनला "थांब" म्हणावं लागतं आणि त्याला ते वेळेत ऐकू यावं लागतं. ही सोय रिलीज १५ मध्ये नव्हती, २०२० च्या रिलीज १६ मध्ये आली. फोनला पाठवत असतानासुद्धा तो हुकूम थोड्या थोड्या वेळाने तपासत राहावं लागतं, त्याला बॅटरी लागते. हुकूम समजून प्रत्यक्ष गप्प व्हायला काही सिम्बॉल जातात. आणि एकदा थांबला की तुकडा संपल्यावर उरलेलं पुढे चालू करत नाही, ते प्रसारण तिथेच सोडून देतो.

दुसरा मार्ग म्हणजे थांबवूच नये, तातडीच्या उपकरणाने आवाज चढवावा. दोघं एकाच जागेत बोलतात, तातडीचा सिग्नल जास्त ताकदीचा असतो, टॉवर आधी तो उलगडतो, मग एकूणातून वजा करून मागचा वाचायचा प्रयत्न करतो. पेटार पोपोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये राखीव वाटणी आणि एकमेकांवर चढवलेली वाटणी यांची तुलना मांडली. दोन सेवांच्या विश्वासार्हतेच्या अपेक्षांत एवढी तफावत आहे, तर तिचाच फायदा का घेऊ नये, असा त्यांचा विचार, आणि काही परिस्थितींत तो राखीव वाटणीपेक्षा सरस ठरतो. अडचण एवढीच की तातडीचं उपकरण काठावर असेल तर ते आधीच पूर्ण ताकदीने ओरडत असतं, चढवायला आवाज उरलेला नसतो.

अपलिंकमध्ये परवानगी मागायचाही वेळ जातो. उपकरण आधी विनंती करणार, टॉवर जागा देणार, मग ते बोलणार. म्हणून तातडीच्या उपकरणांना काही ठरावीक जागा आधीच नेमून देतात, तिथे न विचारता बोलायचं. म्हणजे राखीव जागा मागच्या दाराने आलीच. पण तीच जागा अनेकांना मिळून देता येते, टक्कर क्वचित होईल एवढ्या बेताने.

नवशिकी

ताई, म्हणजे हे सगळं केलं की १ मिलिसेकंद मिळतो?

तरंगवेडी

मध्यम पट्ट्यांतल्या बऱ्याच जाळ्यांवर नाही मिळत गं, आणि त्याला कारण वेगळंच आहे. तिथे एकच वारंवारता आळीपाळीने वापरतात, थोडा वेळ टॉवर बोलतो, थोडा वेळ फोन. एक नेहमीची रचना अशी : तीन स्लॉट खाली, एक मिश्र, एक वर. पाच स्लॉट म्हणजे अडीच मिलिसेकंद. वरची पाळी नुकतीच संपली आणि तुझ्या उपकरणाला काही सांगायचं झालं, तर पुढच्या पाळीची वाट पाहण्यातच जवळजवळ दोन मिलिसेकंद गेले. कापाकापी कितीही हुशारीने केली तरी ते परत मिळत नाहीत. आणि शेजारच्या जाळ्यांशी ही पाळी जुळवून ठेवावी लागते, नाहीतर एकाचा टॉवर बोलताना दुसऱ्याचा टॉवर ऐकत असतो आणि बहिरा होतो. त्यामुळे कुणा एकाला ती मनासारखी बदलता येत नाही. बंदिस्त जागेतल्या खासगी जाळ्यात मात्र बदलता येते.

अंतर विसरू नकोस. फायबरमध्ये प्रकाशाला २०० किलोमीटरला १ मिलिसेकंद लागतो. सर्व्हर १,००० किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्यायेण्यात १० गेले. सर्व्हर टॉवरजवळ आणल्याशिवाय हवेत वाचवलेल्या अर्ध्या मिलिसेकंदाला अर्थ नाही.

काठावर

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण समाधान नाही झालं. ऐकू न येणारा फोन, क्षीण सिग्नल आणि बेफिकीर शेड्युलर, तिन्ही एकत्र आले की नुकसान माझंच. निदान किती वेळा कापलं गेलं एवढं तरी फोनवर दिसावं.

तरंगवेडी

ते दिसायला हवं, पूर्ण सहमत. टॉवरकडे तो आकडा असतो, कारण कापतो तोच.

यंत्रसखा

दहा दिवसांनी धागा वर काढतोय. रांगेतला यांनी सांगितलं तसं केलं. राउटरवर प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग चालू केली, गाड्यांचे संदेश वरच्या प्राधान्यवर्गात टाकले आणि कॅमेऱ्यांना एकूण वेगाची मर्यादा घातली. चित्रण चढत असतानाही संदेश आता बारा-पंधरा मिलिसेकंदांत जातात. माझ्या नोंदवहीत दहा दिवसांत विनाकारण थांबण्याच्या चारच नोंदी आहेत. रांगेतला, मनापासून आभार.

त्या चारही वेळा गाडी एकाच कोपऱ्यावर थांबली, जिथे ती वायफायच्या एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाते.

रांगेतला

हे वाचून फार बरं वाटलं! कोपऱ्याचं प्रकरण मात्र रांगेचं नाही. जोडणी सोडून नवी धरेपर्यंत गाडी कुणाशीच बोलत नसते. त्या चार वेळांच्या नोंदी, जुना सुटला कधी आणि नवा धरला कधी, असतील तर वेगळा धागा काढून टाका. मी येतो तिकडे.

तरंगवेडी

मीही. आणि जमलं तर कोपऱ्याचा नकाशा टाका, दोन्ही अ‍ॅक्सेस पॉइंट कुठे लावलेत त्याच्यासकट.